नेन्यांचं तिसरं 'नको'

गुडघाभर बर्फात गाडी रुतली आहे, हातातलं फावडं मोडलं आहे, कानटोपी वाऱ्याने उडून शेजारच्या झुडपावर बसली आहे, आणि समोरच्या घरातून एक गृहस्थ येऊन विचारतात, "धक्का देऊ का?" अशा वेळी माणूस काय म्हणेल?

नेने म्हणाले, "नको, नको. उगाच तुम्हाला कशाला त्रास!"

विचारणारे गृहस्थ म्हणजे तुमचे आबा. त्यांना तेव्हाच कॅनडात वीस वर्षं झाली होती. इथे माणूस नको म्हणाला की विषय संपतो. आबा "ओके" म्हणाले आणि घरात येऊन चहा पिऊ लागले. मी खिडकीतून पाहिलं तर नेने तिथेच, आमच्या दाराकडे डोळे लावून उभे. पाच मिनिटांनी पाहिलं, तरी तसेच. मी आबांना परत पाठवलं. नेने म्हणाले, "अहो नको, निघेल आपोआप." मग मीच बूट चढवून गेले. तेव्हा म्हणाले, "बरं, आता वहिनी स्वतः आल्याच आहेत तर..."

इरा, नील, हेच ते तुमचे नो-नो आजोबा. आमच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे सोफ्यावर बसून तुम्हाला हात करायचे ते. "ते हल्ली का दिसत नाहीत?" असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर सांगत बसले असते तर तिकडे ऑकलंडला तुमची शाळेची बस सुटली असती. म्हणून सगळं नीट, क्रमाने लिहून काढते. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

नेने आमच्या समोरच्या घरात राहायचे. आमच्या या कनाटा उपनगरातल्याच एका टेलिकॉम कंपनीत इंजिनियर होते. मूळचे पुण्याचे. त्यांचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की इथले लोक 'नीन' वाचत. आणि ते स्वतः सारखं "नो, नो" म्हणत असल्यामुळे त्यांच्या मुलीच्या मैत्रिणींनी त्यांचं नाव 'मिस्टर नो-नो' ठेवलं होतं.

पण ते हट्टी नव्हते हं. त्यांच्या 'नको'मागे एक शास्त्र होतं, आणि ते त्यांनी मला एकदा अगदी पाटीवर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं.

"असं बघा वहिनी. पहिलं 'नको' पाहुण्याचं. ते म्हणायचंच असतं. दुसरं 'नको' भिडेचं. आणि तिसरं पोटाचं. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर खरंच नको. त्याआधीची दोन धरायची नाहीत."

"आणि समोरच्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

नेने म्हणाले, "मग तो वाढणारा कसला?"

आपल्याकडे पंगतीत आग्रह करकरून वाढायची पद्धत होती. नेने त्या पद्धतीत वाढले आणि तीच घेऊन विमानात बसले. कॅनडात ती कुणाला ठाऊक नव्हती. ऑफिसात साहेबांनी एकदा बोलावून विचारलं, "या टीमचे प्रमुख व्हाल का?" नेने म्हणाले, "नो, नो, सर. प्लीज गिव्ह इट टू समबडी एल्स." साहेब खूश झाले. म्हणाले, "आय ॲप्रिशिएट युवर ऑनेस्टी." दुसऱ्या दिवशी ती जागा एका पोराला दिली. नेने महिनाभर वाट बघत होते की साहेब पुन्हा विचारतील!

हे सगळं सांभाळून नेणारी एक व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको सुनंदा. ती नेन्यांच्या 'नको'चं भाषांतर करायची. आमच्याकडे ते पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा मी श्रीखंड वाढायला गेले. नेन्यांनी पानावर आडवा हात धरला. "नको, नको." मी वळणार, तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "अगं, तोंडाकडे काय बघतेस? बोटांकडे बघ."

"बोटांकडे?"

"बोटं मिटलेली असली तर खरंच नको. बोटांमध्ये फट असली तर वाढ."

मी पाहिलं. चारही बोटं चांगली फाकलेली होती. त्यातून खालची बटाट्याची भाजी दिसत होती. मी डावभर श्रीखंड वाढलं. नेने म्हणाले, "अरे अरे, काय हे, वहिनी!" आणि सगळं संपवलं.

सुनंदा गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन दिवसांचा ताप, मग हॉस्पिटल, आणि आठवड्यात सगळं संपलं. मुलगी मुक्ता कॅल्गरीहून आली, पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. तिची तेलाच्या कंपनीत नोकरी, नवरा, घर, सगळं तिकडेच.

मग नेन्यांचं जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं. लोक चांगले होते. शेजारी विचारायचे, "सूप आणून देऊ?" नेने म्हणायचे, "नको." सूप यायचं नाही. ऑफिसातले विचारायचे, "शनिवारी येणार का?" "नको." कुणी पुन्हा विचारायचं नाही. इथे त्यालाच सभ्यपणा म्हणतात. या अख्ख्या देशात तिसऱ्यांदा विचारणारे लोक एकच, घरातल्या हीटिंगचे डक्ट साफ करून देतो म्हणून फोन करणारे. त्या एका वर्षात नेन्यांचे डक्ट चार वेळा साफ झाले.

"अहो, चार वेळा?" मी म्हटलं.

"फार आग्रह करतात हो ते," नेने म्हणाले. आणि खरं सांगते, मला हसू आलं नाही.

मी जमेल तेव्हा डबा नेऊन द्यायची, पण डब्याला आग्रह करता येत नाही. एक दिवस आबा म्हणाले, "आपल्या प्लाझात नवं फ्रेंच बिस्त्रो उघडलंय, चला." बिस्त्रो म्हणजे थाटमाटाचं हॉटेल नव्हे. ड्रायक्लीनर आणि दंतवैद्याच्या मधली एवढीशी जागा, दहा टेबलं, लाल-पांढऱ्या चौकटींचे टेबलक्लॉथ, आणि भिंतीवर फळा. त्यावर खडूने रोजचे चार पदार्थ लिहिलेले. आम्ही नेन्यांना विचारलं. तीनदा. मग ते म्हणाले, "पण मग टेबल मी बुक करणार."

इथेच घोटाळा झाला. मी गेली काही वर्षं लायब्ररीत फ्रेंच शिकते हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे काय झालं ते मला नंतर कळलं. फ्रेंचमध्ये 'नाव' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात. दोन्ही 'नों'. तर नेन्यांनी फोन केला.

"बोंजूर, हॅलो!" पलीकडून बाईंचा आवाज. "वोत्र नों, मस्यू?" म्हणजे, आपलं नाव?

"नेने."

"नों?"

"नेने."

"नों, नों? ओके मस्यू, अनदर टाइम!" आणि बाईंनी फोन ठेवला.

नेन्यांनी तीनदा फोन केला, तेव्हा कुठे टेबल मिळालं. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर एक कार्ड उभं होतं. त्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं: मस्यू नों. म्हणजे श्रीयुत नाही.

आबा हसून हसून खोकायला लागले. नेन्यांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "बरोबरच आहे की."

फोनवरच्या त्या बाईंचं नाव लूसी. साठीच्या, बुटक्या, गालांवर चुलीजवळचा लाल रंग. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या कुठल्याशा खेड्यातल्या. घरात अकरा भावंडं. नेने शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी लीक, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी, आणि बटाटा यांचं सूप आणलं. फळ्यावर 'पोताज' लिहिलं होतं. नेन्यांनी ते 'पोटाज' वाचलं आणि म्हणाले, "पोटाचंच दिसतंय. चालेल."

सूप झालं. लूसीबाई पावाची टोपली घेऊन आल्या. "आंकोर, मस्यू?" म्हणजे, आणखी?

"नो, नो. थँक यू."

आबा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आता टोपली जाणार. पण टोपली गेली नाही.

"अं पती प?" म्हणजे, एवढंसं?

"नो, नो."

लूसीबाईंनी नेन्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मस्यू, उद्या हा पाव कडक होईल. मग तो मला खावा लागेल. माझे दात बघितलेत का?" आणि दोन जाड तुकडे त्यांच्या बशीत टाकून त्या निघूनही गेल्या.

नेने ताठ बसले. चष्मा काढून पुसला. मग खाली वाकून मला म्हणाले, "वहिनी, ही बाई आपल्याकडची आहे."

"अहो, त्या क्वेबेकच्या आहेत."

"असतील. पण तीन पिढ्यांपूर्वीची चौकशी करा. रत्नागिरीकडचीच निघेल."

त्या दिवसापासून दर गुरुवारी आम्ही तिघं तिथे जेवायला जाऊ लागलो. लूसीबाईंनी गुरुवारचं सूप फक्त भाज्यांच्या पाण्यात करायला सुरुवात केली. आणि गुरुवारचा गोड पदार्थ म्हणजे 'री-ओ-ले'. दुधात शिजवलेला भात, साखर, वर जायफळ. नेने त्याला 'लूसीबाईंची खीर' म्हणायचे. ती खीर बाई मोठ्या पातेल्यातून, टेबलापाशी येऊन, स्वतः वाढायच्या. टेबलावरचं कार्ड मात्र तेच राहिलं. नेन्यांनी ते दुरुस्त करू दिलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी नेन्यांनी पाव मोडला आणि खाल्लाच नाही. तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

मी आणखी दोनदा विचारलं. नेन्यांच्या बाबतीत मलाही आता सवय झाली होती.

गोष्ट अशी होती. दिवाळीत मुक्ताने फोनवर विचारलं होतं, "बाबा, आमच्याकडे राहायला येता का? खालची खोली रिकामी आहे. मोठी खिडकी आहे, बागेत दार उघडतं." आणि नेन्यांनी म्हटलं, "नको गं. कशाला तुम्हाला त्रास."

"मग?"

"मग ती म्हणाली, 'ओके बाबा, आय रिस्पेक्ट दॅट.'" नेन्यांनी ते इंग्रजी वाक्य असं उच्चारलं, जसं काही डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. "तीन महिने झाले. पुन्हा काही विचारलं नाही. आता ती पुढच्या आठवड्यात येतेय. इथे कनाटातच एक सीनियर्स रेसिडेन्स बघितलंय तिने माझ्यासाठी. शुक्रवारी जाऊन सही करायची. मला एकटं राहायला आवडतं असं तिला वाटतं."

"तुम्हाला जायचंय का कॅल्गरीला?"

नेन्यांनी पावाच्या चुऱ्याचा एक नीट ढीग केला.

"मग उचला फोन आणि सांगा तिला, मला यायचंय म्हणून!"

"असं कसं वहिनी?" ते खरोखर दचकले. "पंगतीत बसून आपणच म्हणायचं, मला वाढा? आणि तिने नुसतं रीत म्हणून विचारलं असेल तर? सुनंदा असती तर तिने सांगितलं असतं मुक्ताला." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुम्ही मात्र तिला एक अक्षर बोलायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. तुमची आजी दिलेला शब्द पाळते. पण पुढच्या गुरुवारी चौघांचं टेबल बुक करणार नाही, असा शब्द काही मी दिला नव्हता.

"तू काही बोलणार नाहीस ना?" गाडीत आबांनी मला विचारलं.

"मी सूप पिणार आहे," मी म्हटलं.

मुक्ता आली. गुणी मुलगी. बापाचा कोट तिने काढून ठेवला, खुर्ची ओढून दिली. बॅगेतून रेसिडेन्सचं चकचकीत माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. "बाबा, सी, इथे नर्स आहे. योगा आहे. बुधवारी ब्रिज. तुम्हाला प्रायव्हसी हवी असते, आय नो." नेने माहितीपत्रकावरच्या हसऱ्या म्हाताऱ्यांकडे बघत "छान आहे, छान आहे" म्हणत होते. मी ठरवल्याप्रमाणे सूप प्यायले. माझं सूप कधीचं संपलं होतं, तरी मी चमचा हलवत होते.

मग लूसीबाई खिरीचं पातेलं घेऊन आल्या. सगळ्यांना एकेक डाव वाढला. नेन्यांची वाटी संपली. बाई परत आल्या.

"आंकोर, मस्यू नों?"

नेन्यांनी वाटीवर आडवा हात धरला. "नो, नो."

"अं पती प?"

"नो, नो, मेर्सी."

मुक्ताचा चेहरा बदलला. ती अगदी सभ्यपणे, पण ठाम आवाजात म्हणाली, "एक्स्क्यूज मी. माझ्या वडिलांनी दोनदा नाही म्हटलंय. प्लीज त्यांना फोर्स करू नका."

लूसीबाईंचा डाव हवेत थांबला. मला वाटलं, आता संपलं. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पण मादम्वाझेल, तुम्ही त्यांची बोटं नाही बघितली?"

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आबांनी नाही, नेन्यांनी तर नाहीच. दर गुरुवारी वाढता वाढता त्या बाईंनी ते स्वतःच ओळखलं होतं.

मुक्ताने पाहिलं. चारही बोटं फाकलेली. त्यांतून वाटीचा रिकामा तळ दिसत होता. लूसीबाईंनी डाव पुढे केला तसा हात हळूच बाजूला सरकला. खीर वाटीत पडली. "अरे अरे," नेने म्हणाले आणि खायला लागले.

मुक्ताने आपला चमचा खाली ठेवला. मग मला म्हणाली, "काकू, आई जेवताना नेहमी बाबांच्या हाताकडे बघायची. मला वाटायचं, ती अंगठी बघते."

मी काही बोलले नाही. शब्द दिला होता.

"बाबा," मुक्ता म्हणाली. "कॅल्गरीला राहायला याल?"

"नको गं," नेने वाटीत बघत म्हणाले. "तुझी नोकरी, तुझा संसार."

तिने माहितीपत्रक उचलून बॅगेत टाकलं. "बाबा. कॅल्गरीला चला."

"अगं, माझ्या सवयी वेगळ्या. तुम्हाला अडचण होईल. नको."

नेन्यांचा हात टेबलावर पालथा पडला होता. मुक्ता आता त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. बोटांच्या मधून टेबलक्लॉथच्या लाल चौकटी दिसत होत्या, पांढऱ्याही दिसत होत्या. तिचं मराठी एरवी अडखळतं. तेव्हा नाही अडखळलं.

"बाबा, चला ना."

नेन्यांनी खिरीचा शेवटचा चमचा तोंडात घातला.

"कॅल्गरीला थंडी फार असते का गं?"

"ड्राय कोल्ड, बाबा," मुक्ता म्हणाली आणि रडायला लागली. लूसीबाईंना वाटलं खिरीत काहीतरी कमी पडलं. त्यांनी तिच्या वाटीत न विचारताच आणखी एक डाव वाढला.

एप्रिलमध्ये नेने कॅल्गरीला गेले. जाण्याआधीच्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी कागदात गुंडाळलेली एक वस्तू लूसीबाईंच्या हातात दिली. सुनंदाचा खीर वाढायचा पितळी डाव. बाई म्हणाल्या, "नों, नों, मस्यू, हे मी कसं घेऊ?" नेने म्हणाले, "प्लीज." बाई पुन्हा म्हणाल्या, "नों." तेव्हा नेन्यांनी मान वाकडी करून बाईंच्या बोटांकडे नीट निरखून पाहिलं, आणि डाव त्यांच्या ॲप्रनच्या खिशात खोचून दिला.

आता ते दर रविवारी फोन करतात आणि तक्रार करतात. मुक्ता हल्ली प्रत्येक गोष्ट तीनदा विचारते. "वहिनी, परवा तिने मला 'दिवा मालवू का?' हे तीनदा विचारलं. मला खरंच झोप आली होती हो!" पण आवाज छान भरलेला असतो. वजनही वाढलंय म्हणे.

तर हे नो-नो आजोबांचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं. एक छोटीशी गोष्ट तेवढी राहिली. परवाच्या त्याच फोनवर नील म्हणाला होता, "आजी, तू आणि आबा आमच्याकडे राहायला येता का?" मी म्हटलं, "नको रे बाळा, एवढ्या लांब कुठे," आणि तुम्ही दोघं "ओके, आजी!" म्हणून खेळायला पळालात. तुमचं काही चुकलं नाही. माझा हात तेव्हा टेबलाखाली होता, तुम्हाला दिसला नसणार.